बाबा, ब्लेडांचा डबा माझ्याकडे आहे

पुणे, रविवार रात्र

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

सुखरूप पोचले. स्वारगेटला गाडी वेळेत लागली. आईचे धपाटे कराडलाच संपले.

आता खरं ते सांगते. बाबा, उद्या सकाळी आरशामागच्या फळीवर हात घालाल तेव्हा टूथ पावडरचा तो पत्र्याचा डबा सापडणार नाही. तो मी आणलाय. आईवर ओरडू नका, तिला यातलं काही माहीत नव्हतं. मोजली मी, 31 ब्लेडं निघाली. सगळी ‘अजून दोन दाढ्या होतील’वाली!

गुरुवारी हनुवटीखाली कापलं आणि तुरटीचा खडा लाल झाला तरी रक्त थांबेना, ते डोळ्यांसमोरून जात नाही. रक्त पातळ करणारी गोळी सुरू झाल्यापासून एवढासा चराही महागात पडतो. तुम्ही म्हणालात, नवं ब्लेड कापतं, जुनं सरावलेलं असतं. उलटं आहे हो. बोथट ब्लेड केस ओढतं, मग आपण दाबतो, आणि दाबलं की कातडी जाते. 2020 मध्ये अमेरिकेत एमआयटीच्या लोकांनी वापरलेल्या ब्लेडांची धार सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. पोलाद केसापेक्षा 50 पट कठीण, तरी केस वाकून आडवा आला की धारेचे बारीक टवके उडतात. धार लावायला ब्लेड काचेच्या पेल्यात कितीही घासलं तरी गेलेला टवका परत येत नाही.

तो पेल्यातला करकर आवाज मात्र अजून कानात आहे. तुमची दाढी होईपर्यंत मी पाटावर बसून राहायचे. मग तुम्ही माझ्या गालांना फेस फासायचात, ब्लेड काढलेला रेझर फिरवायचात आणि आईला हाक मारायचात, “झाली गं चिमीची दाढी!”

आजोबांच्या रेझरला हात लावलेला नाही. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर तेवढा साबण आणि जुन्या टूथब्रशने काढला. फळीवर सेव्हन ओ’क्लॉकची 5 पाकिटं आहेत, म्हणजे 50 ब्लेडं. दर सोमवारी नवं काढायचं, बरेच महिने निघतील. एक ब्लेड चहाच्या कटिंगपेक्षा स्वस्त पडतं, तेव्हा काटकसर दुसरीकडे करा. दादाने आणलेली जपानी फेदर ब्लेडं त्यालाच परत दिली. त्यांची धार फार तेज, तुमच्या गालाला ओळखीचंच बरं.

आता नीट ऐका. ब्लेड बसवताना दोन्ही आखूड कडांना धरायचं. दाढी झाली की रेझर जरा सैल करून पाण्याखाली धरायचा, झटकायचा आणि उभा ठेवायचा. पंच्याने धार पुसायची नाही, म्हणजे नाही. दाढी झाल्याशिवाय आंघोळ नाही हा तुमचा नियम मी मोडायला सांगत नाही. फक्त पंचा गरम पाण्यात पिळून दोन मिनिटं तोंडावर धरा, केस मऊ पडतात. हात केसांच्या दिशेनेच. कापलंच तर स्वच्छ कापडाने दहा मिनिटं दाबून धरायचं, मध्ये उचलून बघायचं नाही. नाहीच थांबलं तर डॉक्टर, तुरटी नाही.

आई, वापरलेलं ब्लेड खोक्याला फट पाडलेय त्यात टाकायला लाव. कचरा उचलणाऱ्या मावशींचा हात कापायला नको. आणि शिवण उसवायला तू त्या डब्यातलं ब्लेड घ्यायचीस ना? तुला उसवणी आणतेय, मूठवाली.

अजून एक आहे. रागावू नका. कोपऱ्यावरच्या सलूनमधल्या मुलाशी बोलून आलेय, दर रविवारी सकाळी तो घरी येईल. आठवड्यातून एकदाच. तुम्हाला जमत नाही असं नाही, पण डावीकडे जबड्याखाली तुमचा हात हलतो, ते मी पाहिलं. बाकीचे दिवस तुमचेच. ब्लेड आपलं द्या. तो ते कागदासकट मधोमध मोडून अर्धं वस्तऱ्यात घालतो. तुमच्यासमोर मोडू दे. त्याला चहा लागतो, साखर जास्त.

मंगळवारी रात्री फोन करते. आई, फोन बाबांकडे दे. बोलायचं नसेल तर नुसतं हं म्हणा.

तुमची,
चिमी