‘इंजिनिअरिंग’च्या पुढचा तो एक शब्द

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशी शिक्षणावरच्या आपल्या पुरवणीत अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांना (दोन वर्षांच्या पदवीची स्थानिक कॉलेजे) ‘स्वस्तातला पर्याय’ म्हणून दोन ओळींत उरकलेले वाचले. स्वस्त आहे, खरेच. पण तेवढ्यावर कोणी मुलाला तिथे ‘इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी’ला घालायच्या बेतात असेल, तर जरा थांबावे.

मी मूळची सांगलीकडची, तंत्रनिकेतनातून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली. लग्नानंतर ओहायोतल्या डेटनला आले आणि चाळिशीत इथल्या कम्युनिटी कॉलेजात याच शाखेच्या संध्याकाळच्या वर्गांना बसले. एका बाजूला नुकती शाळा संपवलेला पोरगा, दुसऱ्या बाजूला साठीकडे झुकलेले एक गृहस्थ. शेजारच्या मोरेनमधला जनरल मोटर्सचा कारखाना २००८ च्या डिसेंबरात बंद पडला, तेव्हा त्यांची नोकरी गेली होती. रिले पॅनेलचे वायरिंग त्यांना डोळे मिटून यायचे. पीएलसीचे (कारखान्यातली यंत्रे चालवणारा छोटा संगणक) लॅडर लॉजिक, म्हणजे त्याचा प्रोग्रॅम लिहायची पद्धत, त्यांना मी समजावले, ट्रिग्नॉमेट्री त्या पोराने. डेटनला असे संध्याकाळचे वर्ग नवे नाहीत म्हणा. इथले सिंक्लेअर कॉलेज १८८७ मध्ये वायएमसीएच्या रात्रवर्गांतूनच उभे राहिले.

शिकवतात झकास. पुस्तक कमी, मीटर जास्त. मोटर का चालत नाही ते स्वतः शोधायचे, सर नुसते बघत उभे.

गोची पुढे आहे. कम्युनिटी कॉलेजातून विद्यापीठात इंजिनिअरिंगला जायचे असेल तर पहिल्या दोन वर्षांत कॅल्क्युलस आणि त्यावर बेतलेले फिजिक्स लागते. टेक्नॉलॉजीच्या दोन वर्षांत भर बीजगणित, ट्रिग्नॉमेट्री आणि लॅबवर असतो. दोन्हींना मान्यता देणारी संस्था एकच, ‘एबेट’. पण तिथेही दोघांचे आयोग वेगळे. आमच्या वर्गातल्या एका मुलाला हे दोन वर्षे संपल्यावर कळले. विद्यापीठाने त्याचे बरेचसे क्रेडिट ‘ऐच्छिक’ म्हणून बाजूला ठेवले आणि त्याला कॅल्क्युलसच्या पहिल्या पायरीवर उभे केले. टेक्नॉलॉजीच्याच बॅचलर्सला गेला असता तर बहुतेक सगळे धरले गेले असते. त्या पदवीला नोकऱ्या आहेत, मात्र काही राज्यांत ‘प्रोफेशनल इंजिनिअर’च्या परवान्यासाठी जास्त वर्षांचा अनुभव मागतात.

आपली माणसे इथेच फसतात, कारण डोक्यात आपला डिप्लोमा असतो. दहावीनंतर तीन वर्षे, मग मार्क चांगले असतील तर डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. इथे तसा ठरलेला जिना नाही. कोणते कॉलेज, कोणते विद्यापीठ आणि त्यांच्यात काय लेखी करार, यावर सगळे अवलंबून.

भारतातून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. सवलतीची फी बहुतेक ठिकाणी स्थानिक रहिवाशांना असते. बाहेरच्यांचा दर निराळा. शिवाय दोन वर्षांच्या पदवीवर ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर तिथे काम करायची मुभा, मिळते १२ महिन्यांची. तंत्रशाखांना पुढे मिळणारी २४ महिन्यांची वाढ बॅचलर्सखाली नाही. कर्ज काढून येणाऱ्याने हा हिशेब विमानात बसण्यापूर्वी करावा, आणि क्रेडिट कुठे चालतील हे विद्यापीठाकडून ईमेलवर घ्यावे, एजंटाच्या तोंडून नव्हे.

माझे म्हणाल तर मला पुढे कुठे जायचे नव्हते. दोन वर्षांचा अभ्यास घर सांभाळत चार वर्षांत संपवला. सध्या एका कारखान्यात पॅकिंग लाइनचे कंट्रोल पॅनेल बघते, रात्रपाळीला.

आपली,
एक वाचक, डेटन (ओहायो)