उत्तर हातचं राखायला नको होतं

महोदय,

बीबीसीच्या ‘शेरलॉक’ या गुप्तहेर मालिकेचा १ जानेवारी २०१४ रोजी आलेला भाग मी नुकताच पुन्हा पाहिला. त्यात कोड्याचं पक्कं उत्तर न दिल्यामुळे नाराज झालेल्या चाहत्यांची बाजू मला आजही पटते. जानेवारी २०१२ मधल्या भागात शेरलॉक लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाच्या गच्चीवरून उडी मारतो आणि शेवटी आपल्याच थडग्यापासून थोड्या अंतरावर जिवंत उभा दिसतो. मग तो वाचला कसा, हे शोधत दोन वर्षं चाहत्यांनी तो प्रसंग अक्षरशः पिंजून काढला. प्रयोगशाळेत तो रबरी चेंडू का आपटत बसला होता? काखेत चेंडू दाबला की मनगटाची नाडी लागत नाही, हे त्यातूनच निघालं. केवढी बारीक नजर! नव्या भागात चाहत्यांचे तर्कवितर्क कथेतच गुंफले, हे मला मनापासून आवडलं. पण शेरलॉकने सांगितलेली उकल खरी की थाप, हे मात्र मोघम ठेवलं. प्रेक्षकाला चकवा जरूर द्यावा. पण पुरावे समोर मांडून उत्तर हातचं राखणं हा त्याच्यावर अन्यायच आहे. शेरलॉक जिवंत दिसताच त्याचा मित्र जॉन संतापून त्याच्या अंगावर धावून जातो, तो प्रसंग मात्र फार उत्तम वठला आहे.

– एक प्रेक्षक