आक्काला बोलू द्या

मेलबर्न, १२ एप्रिल

तीर्थरूप आप्पा आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

इथे दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये कॉमेडी फेस्टिव्हल असतो. परवा ऑफिसातल्या मैत्रिणीने मला एका एकपात्री कार्यक्रमाला नेलं. रंगमंचावर एकटी बाई, एक खुर्ची, एक फावडं. बाई न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चची. तिथे २२ फेब्रुवारी २०११ ला दुपारी १२.५१ ला भूकंप झाला, त्यात तिचं घर गेलं आणि ती इकडे आली. विषय कळल्यावर माझा पाय निघेना, पण गेले ते बरं झालं.

तिकडे जमिनीखालची ओली वाळू वर उसळली, गल्ल्या राखाडी चिखलाने भरल्या, मैलापाण्याचे पाइप फुटले. लोकांनी परसात खड्डे खणून संडास केले. शेजारचे एक आजोबा गाऊन घालून, काखेत कागदाचा रोल धरून रोज तिला अदबीने 'गुड मॉर्निंग' म्हणायचे. ती नक्कल बघताना माझ्या डोळ्यांतून पाणी आलं हसून. मेलबर्नला आल्यावर ट्राम धडधडत गेली की बाई टेबलाखाली, आणि वेटर वाकून विचारतोय, काही पडलं का?

मेलेल्यांवर मात्र एकही विनोद नाही. १८५ माणसं गेली, त्यातली ११५ एकाच इमारतीत, एवढं सांगून ती खुर्चीत बसून राहिली.

आप्पा, रिश्टरवर तिकडचा आणि आपला किल्लारीचा, दोन्ही भूकंप जवळपास सारखेच, सव्वासहाच्या आसपासचे. पण तिकडची बहुतेक घरं लाकडी सांगाड्याची, ती हलली तरी टिकली. आपल्याकडे ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३.५६. आदल्या दिवशी गणपती विसर्जन करून माणसं गाढ झोपलेली, वर मातीचं जड माळवद आणि चारी बाजूंनी मातीत रचलेल्या दगडी भिंती. किल्लारी-सास्तूरला हजारो माणसं आपल्याच घराखाली गेली. हे आठवलं की माझा अजून संताप होतो.

आणि आक्का आठवली. पत्र्याच्या शेडमध्ये असताना मदतीच्या ट्रकमधून आलेला कोट आबांनी धोतरावर चढवला आणि तसेच ऐटीत पंगतीला बसले, हे ती दर दिवाळीला सांगायला लागते. हसत हसत धाकट्या काकांच्या नावापाशी येते, रडू फुटतं, आणि आपण सगळे म्हणतो, "आक्का, पुरे आता." आपल्याला वाटतं तिला त्रास होतो. मला आता वाटतं, आबांच्या कोटापासून सुरुवात केल्याशिवाय तिला काकांपर्यंत पोचताच येत नाही, आणि आपण तिला दरवेळी तिथेच अडवतो.

या दिवाळीला तिला थांबवू नका. बंटीला फोनवर सगळं रेकॉर्ड करायला सांगा, रडणंसुद्धा. आणि आप्पा, त्या पहाटे तुम्ही कुठे होतात, ते मला तुमच्या तोंडून कधी ऐकायलाच मिळालं नाही. फोनवर जमणार नसेल तर लिहून पाठवा.

तुमची,
मनू