छोट्या चौकटीतला मजकूर

नागपूर,
10 नोव्हेंबर 2024

प्रिय मनू,

दिवाळीला आलीस, चार दिवस राहिलीस, फराळाचा डबा ओट्यावरच विसरलीस आणि दारात सँडल घालता घालता म्हणालीस, "आई, वीसला मतदानाला मी काही येत नाही. सगळे सारखेच आहेत." बाबांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं होतं, मी डोळ्यांनीच दटावलं. ट्रॅव्हल्स सुटायची वेळ झाली होती. तेव्हा राहिलं ते आता लिहिते. फोनवर तू "हो आई, हो आई" करत पुढे सरकतेस, पत्रात ती सोय नाही.

सगळे सारखे, असं मलाही वाटतं गं. चौकात दिवसभर प्रचाराचे ऑटो फिरून राहिले. दोन ऑटो समोरासमोर आले की एकाची चाल आणि दुसऱ्याचे शब्द ऐकू येतात. भाजीवाला परवा वैतागून म्हणाला, "बाई, पावभर म्हणता का अर्धा किलो, मले काही ऐकू येऊन नाही राहिलं." फोनवर रेकॉर्ड केलेला आवाज येतो तो वेगळाच. मी पहिल्यांदा बिचाऱ्याला "बोला, बोला" म्हटलं होतं.

तुला याचा वीट जास्त, कारण तुझं पोटच जाहिरातीवर आहे. जाहिरातीच्या शूटिंगमध्ये दुधाच्या जागी पांढरा गोंदही ओततात, हे मला तूच सांगितलंस. मग आपण दूध घेणं सोडलं का? घरी आणून तापवून बघतो, नासलं तर कळतंच.

उमेदवार तापवून बघायची सोयही आहे, फक्त ती पहिल्या पानावर नसते. ज्याच्यावर गुन्हे आहेत त्याला ते प्रचाराच्या काळात तीन वेळा वर्तमानपत्रात छापावे लागतात. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली तसं बजावलं आहे. पहिल्या पानभर हात जोडलेला हसरा फोटो, आणि आत कुठेतरी, निविदा-नोटिशींच्या शेजारी, एका छोट्या चौकटीत त्याच माणसावरची कलमं. मी यंदा ती कात्रणं काढून ठेवते आहे. बाबा म्हणतात, तुझा शाळेचा फळा सुटला तरी कात्री सुटली नाही. शिवाय अर्जासोबतचं शपथपत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असतं : मालमत्ता, कर्ज, खटले, शिक्षण. मागच्या वेळी लढलेला असेल तर दोन्ही शपथपत्रं शेजारी ठेवून वाच. पाच वर्षांत काय काय वाढलं ते बघताना चहा गार होतो.

अजून एक गंमत. काल पेपरातून एक पत्रक पडलं. एका उमेदवाराबद्दल नको नको ते लिहिलेलं. मी आधी तळ बघितला. निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांचं नाव-पत्ता छापणं कायद्याने बंधनकारक आहे. इथे तळ कोरा. ज्याला आपलं नाव सांगायची लाज वाटते त्याचं काय वाचायचं? पोह्यांचं तेल निथळायला बरं पडलं. तुझ्या मोबाइलवरच्या जाहिरातींनाही असा तळ असतो, पैसे कोणी दिले हे तिथे लिहिलेलं असतं. तू तर धंद्यातलीच आहेस, तुला मी काय शिकवू.

आता एक कबुली, जी बाबांनाही ठाऊक नाही. मास्तरीण म्हणून मी किती निवडणुका केल्या तुला माहीत आहे. आदल्या दिवशी साहित्य घ्यायच्या रांगेत ऊन खायचं, पेटी उचलायची, कुठल्यातरी शाळेत बेंच जोडून डासांत रात्र काढायची. पहाटे उमेदवारांच्या एजंटांसमोर मॉक पोल, म्हणजे यंत्राची चाचणी, मग सात वाजता दार उघडायचं. शेकडो बोटांना शाई लावली. आणि त्यातल्या तीन निवडणुकांत मी स्वतः मत दिलं नाही. ड्यूटीवाल्यांना टपाली मत असतं, त्यासाठी नमुना 12 भरून द्यावा लागतो. मी भरला नाही. घाई, कंटाळा, आणि थोडं तुझ्यासारखंच, की माझ्या एका मताने काय होऊन राहिलं.

त्याच काळातली एक म्हातारी. नऊवारी, हातात कापडी पिशवी, पिशवीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं कार्ड. यादीत तिच्या नावापुढे आधीच खूण होती. तिच्या नावाने कोणीतरी मत देऊन गेलं होतं. तिची बोटं बघितली, कोरी. अशा वेळी प्रदत्त मत देतात : यंत्रावर नाही, कागदाच्या मतपत्रिकेवर शिक्का मारायचा आणि ती वेगळ्या लिफाफ्यात जाते. तिने शिक्का अगदी जपून मारला, शाई पसरू नये म्हणून कागदावर फुंकर घातली आणि मला विचारलं, "हे मोजतेत ना बाई?" मी हो म्हटलं. ती मतं नेहमीच्या मोजणीत धरत नाहीत. कोर्टात प्रकरण गेलं तरच तो लिफाफा उघडायची वेळ येते. हे मला तेव्हाही माहीत होतं. त्यानंतर मी नमुना 12 कधी चुकवला नाही.

एप्रिलमध्ये लोकसभेला आपल्या नागपुरात 54 टक्क्यांच्या आसपास मतदान झालं. त्याच दिवशी गडचिरोली-चिमूरमध्ये 70 च्या वर, आणि तिथे बऱ्याच भागांत तर दुपारी तीनलाच मतदान बंद होतं. आपल्याकडे लोक म्हणाले, ऊन फार होतं. गडचिरोलीत काय सावली होती?

तू म्हणशील, निवडून आलेला तरी कुठे दिसतो नंतर. बरोबर. पण कोणीच निवडून आलेलं नसलं की काय होतं, ते तू पाहिलंस. 23 सप्टेंबर 2023 ची ती रात्र आठव. अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदी घरांत शिरली. डागा लेआउटमध्ये मावशीचा फ्रिज आडवा तरंगत होता, आणि पाणी ओसरल्यावर दोन दिवस आपण फावड्याने चिखल ओढला. फोन लावत सुटलो. जो तो म्हणे, हे आमच्याकडे येत नाही. नगरसेवकांची मुदत 2022 च्या मार्चमध्येच संपली होती, निवडणूक तेव्हाही झालेली नव्हती. आधीचा नगरसेवक काही संत नव्हता, नाल्याचं काम त्याने दोनदा टांगवलं होतं. पण मावशी त्याला भाजीबाजारात भर लोकांत अडवून जाब विचारायची, आणि पुढच्या खेपेला उभं राहायचं म्हणून तो ऐकून घ्यायचा. मला मतात एवढंच दिसतं, मनू. देवमाणूस नाही निवडायचा. बाजारात अडवता येईल असा माणूस निवडायचा, आणि नाही ऐकलं तर पाच वर्षांनी घरी बसवायचा. वीसचं मत विधानसभेचं आहे, नाल्याचं नाही, हे कळतं मला. पण सवय तीच.

अगदी कोणीच पटलं नाही तर 'नोटा' दाब, मी रुसणार नाही. फक्त हे माहीत असू दे, की नोटाला सगळ्यांत जास्त मतं पडली तरी त्याच्या खालोखालचा उमेदवारच निवडून येतो. त्यामुळे त्यातल्या त्यात बरा कोण, हे तुला नाहीतर तुझ्या वाटणीचं दुसऱ्या कोणाला ठरवावं लागणारच. कोणाला द्यायचं हे मी सांगणार नाही. बाबा सांगतील, त्यांचं ऐकू नकोस. ते माझंही गेली तीस वर्षं चुकीचंच ठरवून राहिले.

मतदान सात ते सहा आहे. एकोणीसला रात्री निघालीस तर सकाळी पोचशील, आंघोळ करून जाऊ. सुट्टी पगारी आहे, साहेबाला तसं सांग. तुझी मतदार चिठ्ठी आली की फ्रिजवर लावते. कात्रणं तुझ्या टेबलावर आहेत, काटोलची संत्री परवा पेटीभर आली आहेत. येणारच नसशील तर आठवड्याआधी कळव, म्हणजे अर्धी मावशीकडे पाठवते.

तुझी,
आई