ऑस्करच्या टेबलानंतरची हॅटी

महोदय,

रविवार पुरवणीतला हॅटी मॅकडॅनिएल यांच्यावरचा लेख आवडला, पण तो फार लवकर संपला. ‘गॉन विथ द विंड’ या चित्रपटातल्या मॅमी या मोलकरणीच्या भूमिकेसाठी १९४० साली ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय कलाकार, आणि त्याच समारंभात त्यांना सहकलाकारांपासून दूर, भिंतीलगतच्या टेबलावर बसवले गेले. लेख इथेच थांबतो. वाचणाऱ्याला वाटावे, बिचारीने अपमान गिळला आणि विषय मिटला.

बाई तशा नव्हत्या. लॉस एंजेलिसच्या ‘शुगर हिल’ भागात त्यांनी ऐसपैस घर घेतले. तिथल्या जुन्या करारनाम्यांत कृष्णवर्णीयांना घर विकायचे नाही, अशी अट होती. काही गोरे शेजारी कोर्टात गेले. हॅटी आणि त्यांच्यासारखेच तिथे राहायला आलेले इतर कृष्णवर्णीय लोरेन मिलर या वकिलामार्फत लढले. डिसेंबर १९४५मध्ये न्यायाधीश थर्मंड क्लार्क यांनी कायद्यापुढे सर्वांना समान संरक्षण देणाऱ्या, अमेरिकी राज्यघटनेच्या चौदाव्या दुरुस्तीचा आधार घेऊन दावा फेटाळला. अशा अटी कोर्टाकरवी अमलात आणता येणार नाहीत, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले त्यानंतर, १९४८ साली. माझ्या मते हॅटींची ही कमाई ऑस्करपेक्षा तसूभरही कमी नाही.

‘सतत मोलकरणीच रंगवते’ म्हणून त्यांच्यावर स्वकीयांनीही टीका केली. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ‘एनएएसीपी’ या संघटनेचे वॉल्टर व्हाइट त्यात आघाडीवर होते. टीका अगदीच गैर होती असे नाही. पण हॅटींचे वडील गुलामगिरीत जन्मलेले, आणि १९२९च्या मंदीत स्वतः हॅटींनी मिलवॉकीच्या एका क्लबात स्वच्छतागृह सांभाळलेले. त्यांच्या मॅमीचा तो करडा आवाज ऐकताना मला हे आठवत राहते. (तिच्यापुढे चित्रपटाची नायिका स्कार्लेटसुद्धा वचकून असते!)

१९५२ साली कर्करोगाने त्या गेल्या. हॉलिवूड सिमेटरीत विसावण्याची इच्छा होती. तिथे फक्त गोऱ्यांनाच जागा, म्हणून रोझडेल या दुसऱ्या दफनभूमीत दफन झाले. हॉवर्ड विद्यापीठाला दिलेले त्यांचे ऑस्कर पुढे गहाळ झाले. ऑस्कर अकादमीने त्याच्या बदल्यात दुसरे दिले, तेही २०२३ साली. ज्या दफनभूमीने त्यांना नाकारले, तिच्या नव्या मालकांनी १९९९ साली त्यांचे अवशेष तिथे आणण्याची तयारी दाखवली होती. नातेवाइकांनी नकार दिला. मग तिथे नुसते स्मारक उभे राहिले. हॅटी रोझडेललाच आहेत.

– एक निवृत्त शिक्षिका, सातारा