नायट्रेटच्या चुकीच्या अहवालाबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, पाणी तपासणी विभाग,
इंदूर

विषय: बोअरिंगच्या पाण्याला दिलेला 'पिण्यास योग्य' हा शेरा

महोदय,

आमची कॉलनी बायपासपलीकडे आहे. नर्मदेची लाईन इथवर आलेली नाही, सगळी भिस्त बोअरिंगवर. बाळंतपणाला आलेली लेक अजून इथेच आहे आणि नातीला वरचं दूध सुरू करावं लागलं, म्हणून तुमच्याकडून पाणी तपासून घेतलं.

अहवालात नायट्रेटसमोर १२.४ आहे, शेजारी मर्यादा ४५, आणि शेरा 'योग्य'. पण त्याच ओळीत, चष्मा लावूनही मुश्किलीने दिसेल अशा टायपात, 'नत्र म्हणून' असं छापलं आहे. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातली लिटरला ४५ मिलिग्रॅमची मर्यादा नायट्रेटची आहे, त्यातल्या नत्राची नव्हे. नत्राचा आकडा ४.४३ ने गुणला की नायट्रेट निघतं, म्हणजे आमच्या पाण्यात ते जवळपास ५५ झालं. नत्राचंच माप धरायचं तर मर्यादा १० च्या आसपास येते. कसंही मोजा, पाणी नापास आहे.

फोन केला तर तुमच्याकडची मुलगी म्हणाली, "काकू, उकळून द्या ना, आणि आमचा यूव्ही फिल्टर बसवून घ्या." उकळून जंतू मरतात, नायट्रेट नाही. उलट पाणी आटेल तसं त्याचं प्रमाण वाढतं. यूव्हीनेही ते जात नाही, त्याला आरओ लागतो. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद नायट्रेटने कमी होते, अंग निळं पडतं. पाणी तपासण्याचे पैसे घेणाऱ्यांना हे मी सांगायचं?

आणखी एक. तुमच्या माणसाने बाटली शुक्रवारी भर दुपारी स्कूटरच्या डिकीत टाकून नेली. अहवालात तपासणीची तारीख मंगळवारची. असा नमुना थंड ठेवून ४८ तासांत तपासायचा असतो. तेव्हा १२.४ वर तरी किती विश्वास ठेवावा?

नवा नमुना बर्फाच्या पेटीतून न्यावा, विनाशुल्क तपासून दुरुस्त अहवाल द्यावा आणि आधीची फी परत करावी. आमच्या गल्लीत तुमच्याच छापाचे अहवाल इतरांकडेही आहेत. ते तपासून त्या घरांना तुम्ही स्वतः कळवावं. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. अहवाल आणि पावतीची प्रत जोडली आहे.

आपली,
एक ग्राहक