सर्किट टाक्यांचं, मग शिवणबाई का नको?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पुरवणीत शाळांमधून होणाऱ्या ‘कपड्यावरचे दिवे’ या कार्यशाळांवर (तारेऐवजी वीज वाहणाऱ्या दोऱ्याने कापडावर छोटे दिवे शिवतात त्या) लेख आला होता. लेख चांगलाच आहे. पण सोबतच्या फोटोतल्या मुलाने सुई पेन्सिलीसारखी धरली आहे आणि दोरा हातभर लांब घेतला आहे. तो गुंतणार, हे मला घरबसल्या दिसलं. बत्तीस वर्षं शिवणवर्ग घेतले मी.

माझा नातू नववीत आहे. त्याच्या शाळेत (नाव घेत नाही) दोन शनिवार अशीच कार्यशाळा झाली. तो घरी तळहाताएवढं फेल्टचं घुबड घेऊन आला. डोळ्यांचे एलईडी दिवे लागायला हवे होते, लागत नव्हते. ‘सर म्हणाले, एलईडी खराब असेल,’ असं सांगून त्याने ते टेबलावर टाकून दिलं.

शिवणवाली बाई कुठलंही काम आधी उलटं करून बघते. उलट बाजूला दोन गाठींची पाऊण-पाऊण इंचाची शेपटं मोकळी सोडलेली होती आणि ती नेमकी एकमेकांवर पडली होती. हा दोरा स्टेनलेस स्टीलचा असतो. म्हणजे ती नुसती उघडी तारच, वर प्लॅस्टिकचं आवरण वगैरे काही नाही. प्लसचा दोरा मायनसच्या दोऱ्याला टेकला की वीज दिव्यात जातेच कशाला? जवळच्या वाटेने परत फिरते. शिवाय दिव्याच्या भोकातून दोरा एकदाच, तोही सैल ओवलेला. बटण असं लावलं असतं तर माझ्या वर्गात उसवायला लावलं असतं. मी प्रत्येक भोकाला तीन घट्ट वेढे दिले, गाठ मारली, तिच्यावर सुनेच्या नेलपॉलिशचा थेंब टाकला (स्टीलच्या दोऱ्याची गाठ सुळकन सुटते, म्हणून), वाळल्यावर शेपूट गाठीलगत कापलं. घुबडाने डोळे उघडले. एलईडी ठणठणीत होता.

तेव्हापासून मलाच नाद लागला. तापकीर गल्लीत जाऊन सुटे एलईडी, नाण्याएवढे सेल आणि सेलची घरं आणली. वीज वाहणारा दोरा मागितला तर दुकानदार म्हणाला, ‘काकू, दोरा हवा तर बोहरी आळीत बघा.’ बोहरी आळीतला म्हणाला, ‘विजेचं सामान तापकीर गल्लीत.’ शेवटी नातवाने ऑनलाइन मागवला.

सुट्या एलईडीचा लांब पाय प्लसचा असतो. तो चिमट्याने गोल वळवायचा, आखूड पाय चौकोनी. मग कापडावर चुकायला होत नाही. स्विच म्हणून मी टिचबटण लावते. धातूचं असतं, मिटलं की दिवा लागतो, उघडलं की बंद. ज्या बायकांनी जन्मभर ब्लाउजला टिचबटणं लावली त्यांना हे कुणी शिकवायला लागत नाही.

नातू क्लासहून अंधारात टिळक रोडने सायकलवर येतो, म्हणून त्याच्या जाकिटाच्या पाठीवर दिवे लावायचं ठरवलं. शोभेसाठी तीन लाल आणि दोन पांढरे घेतले. लाल झगझगीत लागले, पांढरे मेल्यासारखे. वाटलं, दुकानदाराने फसवलं. आमचे हे टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी समजावलं : लाल एलईडी दोन व्होल्टच्या आसपास पेटतो, पांढऱ्याला तीनच्या जवळपास लागतात आणि सेलच मुळी तीनचा. एकाच जोडीच्या दोऱ्यांवर दोन्ही शिवले तर लाल बहुतेक वीज ओढून घेतात आणि सेलचा जोर खाली आणतात. एका पंगतीत एकाच जातीचे दिवे बसवायचे. पांढरे काढून लालच लावले.

नंतर मुलाने एक प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड, म्हणजे चिमुकला संगणकच, आणून दिला, लिलीपॅड. फुलासारखा गोल, कडेला पाकळ्या, प्रत्येक पाकळीला सुईसाठी भोक. तो लिआ ब्युकली नावाच्या बाईंनी तयार केला, २००७ साली बाजारात आला. शिवणारीचा हात कसा चालतो हे ठाऊक असलेल्या बाईचंच ते काम, हातात घेतल्याबरोबर कळतं. प्रोग्रॅम नातू लिहितो. दिवा लाव, ५०० थांब, बंद कर, ५०० थांब. इथे १००० म्हणजे एक सेकंद. मला मात्र उघडझाप नको होती, श्वासासारखा हळूहळू वाढणारा आणि विझणारा उजेड हवा होता. त्यासाठी दिव्याला शून्यापासून २५५पर्यंत आकडे द्यायचे असतात. दिले. दिवा अर्धा वेळ ठार बंद, अर्धा वेळ लख्ख, मधलं काहीच नाही. तासभर नातू आपला प्रोग्रॅम तपासत बसला. चूक शिवणात होती. असा मंद-प्रखर उजेड ठरावीक भोकांतूनच मिळतो आणि मी चार नंबरच्या भोकाला टाके घातले होते. ते सगळं उसवून पाचला शिवलं. आता बोर्डावरचा भोकाचा नंबर बघितल्याशिवाय सुईत दोरा ओवत नाही.

आणखी एक गोष्ट कार्यशाळेत कुणी सांगितली नव्हती. तांब्याच्या तारेतून वाहते तशी या दोऱ्यातून वीज मोकळी वाहत नाही. आमच्याकडच्या जाड दोऱ्याला फुटामागे सुमारे दहा ओहम अडथळा आहे, ह्यांनी मल्टिमीटरने मोजला. एका लहान दिव्याला चालून जातं. पण ते रंग बदलणारे पिक्सेल असतात ना, त्यांतला एकेक पूर्ण पांढरा लागला की साठ मिलीअँपियरपर्यंत खातो. असे दिवे बाहीच्या टोकाला आणि बॅटरी कमरेला ठेवली तर वाटेतच वीज आटते. नाण्याच्या सेलला तर ते झेपतच नाहीत. बॅटरी दिव्यांजवळ आणायची आणि प्लस-मायनसच्या ओळी दुहेरी-तिहेरी दोऱ्याने भरायच्या. दोन ओळी एकमेकींवरून न्याव्याच लागल्या तर मधे अस्तराचा तुकडा घालायचा. अंगाच्या बाजूनेही अस्तर हवंच. ऑक्टोबरच्या उकाड्यात घामसुद्धा वीज वाहून नेतो.

ह्यांनी मग हौसेने माझ्या आईच्या पैठणीचा पदर मल्टिमीटरने तपासला. चांदीच्या जुन्या जरीवर टोकं टेकवताच मशीन वाजलं, म्हणजे जरीतून वीज वाहते. माझ्या नव्या साडीच्या जरीवर गप्प. (दुकानदाराने ‘अस्सल’ म्हणून दिली होती, ते असो.) १९९७ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये रेहमी पोस्ट आणि मॅगी ऑर्थ यांनी कापडावर सर्किट करून दाखवलं. त्यासाठी त्यांनी घेतलेलं कापडही रेशमावर धातूचा पातळ पत्रा गुंडाळून विणलेलं ऑरगंझा होतं, आपल्याकडे कितीतरी आधीपासून विणलं जाणारं. जरीचं कापड आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि पोरांना वाटतं हे सगळं खोक्यातून आलं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. या कार्यशाळांना इंजिनिअर बोलावता, जरूर बोलवा. पण त्यांच्या शेजारी शिवण येणारी एक बाई किंवा एक शिंपीदादा बसवा, आणि पहिला तास नुसत्या धावदोऱ्याला आणि गाठीला द्या, साध्या दोऱ्याने, साध्या कापडावर. मुलग्यांनाही. बोर्ड दुसऱ्या दिवशी उघडा. नातवाच्या वर्गात चाळीस मुलं होती, त्यातल्या नऊ जणांचेच दिवे लागले, असं तो सांगतो. बाकीची पोरं ‘इलेक्ट्रॉनिक्स आपल्याला जमत नाही’ असं समजून घरी गेली. त्यांना न जमलेली गोष्ट गाठ होती.

आणि ज्या घरात रांगतं मूल आहे तिथे ते नाण्याएवढे सेल दोऱ्याच्या डब्यात ठेवू नका. गिळले तर दोन तासांतही अन्ननलिका भाजते. माझे सेल मी कुलुपात ठेवते.

पेठांमधल्या कुठल्या शाळेला हवं असेल तर शनिवारी सकाळी मी मोकळी असते. मानधन नको. सुया जाड नेढ्याच्या आणून ठेवाव्यात. अंगुस्तान माझं मी आणीन.

आपली,
एक निवृत्त शिवणशिक्षिका
नारायण पेठ, पुणे ३०